बाळाशी हातांनी बोलताना: तुमचे अनुभव लिहा

लेक नऊ महिन्यांची असताना मी दूध, आणखी आणि संपलं एवढ्या तीनच खुणा सुरू केल्या. दूध म्हणजे धार काढल्यासारखी मूठ उघडमीट करायची. दोन महिने प्रत्येक वेळी पाजायच्या आधी मी मूठ उघडतेय, मिटतेय आणि बाईसाहेब ढिम्म. सासूबाई म्हणायच्या, अगं तिला टाटा कसला करतेस सारखा! सोडूनच देणार होते तर एका रात्री दोन वाजता ती उठली, रडली नाही काही नाही, नाइटलॅम्पच्या उजेडात माझ्याकडे बघत मूठ उघड-मीट, उघड-मीट. मी नवऱ्याला हलवून उठवलं तर म्हणे, मग दे ना दूध, बघत काय बसलीस. तुमच्याकडे कसं झालं?

*

आमच्याकडे 'आणखी'चा घोळ. दोन्ही हातांची बोटं जुळवून टोकं एकमेकांवर टेकवायची, पण आमचे चिरंजीव एक बोट दुसऱ्या तळहातात खुपसायचे. आठवडाभर आम्ही टॉर्च लावून तळहात तपासतोय, काही टोचलं की काय! या वयात मूठ, पंजा आणि एक बोट असे सोपे आकारच आधी जमतात, त्यामुळे खूण हुबेहूब यायची वाट बघू नका. आता मी शिंकलो तरी 'आणखी' :)

*

जरा थंड पाणी ओतते. मी या खुणांचा महागडा कोर्स घेतला होता, त्याने मूल लवकर बोलतं म्हणून. 2013 मध्ये संशोधक एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, 40 बाळं आठव्या महिन्यापासून विसाव्यापर्यंत बघितली, खुणांमुळे भाषा काही लवकर आली नाही. माझंही तेच, थोरल्याला खुणा शिकवल्या, धाकटीला नाही, दोघं साधारण एकाच वयात बोलायला लागले. पण हो, थोरल्याच्या वेळी मी त्याच्या हातांकडे सतत बघायचे, मोबाइल बाजूला ठेवून, धाकटीच्या वेळी तेवढं झालं नाही आणि ते मला आता खुपतं.

*

माझे सासू-सासरे कर्णबधिर, त्यामुळे आमच्या घरात ही आयडिया नाही, रोजची भाषा आहे. वीस खुणा म्हणजे साइन लँग्वेज नव्हे हो, तिला स्वतःचं व्याकरण असतं, आणि ती जगभर एकच नसते, अमेरिकन आणि ब्रिटिश साइन लँग्वेज एकमेकींना कळत नाहीत, दोन्हीकडे बोलतात इंग्रजीच. मला शिकायला तीन वर्षं लागली, त्यातही हात लवकर वळले, चेहरा वळेना. हो-नाहीचा प्रश्न विचारताना भुवया वर जायला हव्यात, मी विसरायचे आणि सासरे ते साधं वाक्य समजून मान डोलवायचे.

सासूबाईंची पद्धत मात्र बघण्यासारखी. बाळ मांडीवर पाठमोरं असलं तर मागून दोन्ही हात त्याच्या पुढ्यात आणून खूण करतात, कधी त्याच्याच गालावर. बाळ दुसरीकडे बघत असेल तर थांबतात, घाई नाही. आपण मात्र ते बघत नसतानाही बोलत सुटतो.

*

आमची सव्वा वर्षाची, तिला एकच खूण पक्की येते, 'संपलं'. बाबा अंगाई सुरू करतो, पहिल्याच ओळीला हिचे दोन्ही पंजे उलटसुलट.

*

धागा मीच काढला होता. वर लिहिलेली पाठमोरी पद्धत आज करून बघितली. लेकीने माझे दोन्ही हात धरले आणि तोंडात घातले. सासूबाई म्हणाल्या, तुझं जमत नाहीये, थांब, मी दाखवते.