खंडणी भरून राखलेलं स्वातंत्र्य: रागुझा खरंच स्वतंत्र होतं का?

दर्यावर्दी
क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं आजचं डुब्रोवनिक म्हणजे जुनं रागुझा. १३५८ साली व्हेनिसच्या तावडीतून सुटलं आणि १८०८ पर्यंत या चिमुकल्या प्रजासत्ताकाने आपला कारभार आपणच हाकला. आधी हंगेरीच्या राजाचं नावापुरतं छत्र, पुढे तुर्की सुलतानाला वर्षाला १२,५०० डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी. इथे बरेच जण नाक मुरडतात, की खंडणी भरणारे स्वतंत्र कसले? मला हा सौदा अस्सल मुत्सद्देगिरीचा वाटतो. शहरात तुर्की शिबंदी नाही, कायदे आपले, झेंडा आपला, वर सुलतानाच्या मुलखात इतरांपेक्षा कमी जकात. आणि १५८८ साली इंग्लंडवर निघालेल्या स्पॅनिश आरमारात यांची जहाजं होती! मांडलिकाला एवढी मोकळीक असते?

तिरकस
झेंडा आपला, पण 'आपला' म्हणजे कुणाचा? १३३२ मध्ये कारभार चालवणारी महापरिषद मोजक्या घराण्यांपुरती बंद झाली. बाकीच्यांनी गलबतं हाकायची, मिठागरं राबवायची. शहराजवळच्या कोनाव्ले भागातली कुळं तर सरदारांच्या जमिनीवर वेठीला. प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या वाड्यात सामान्य घरातल्या माणसाचा अर्धपुतळा एकच, मीहो प्रात्सातचा. तोही आपली संपत्ती प्रजासत्ताकाला ठेवून गेला म्हणून.

दर्यावर्दी
@तिरकस, त्या काळात व्हेनिसमध्ये तरी कुठे सगळ्यांना मत होतं? इथे निदान सरदारांनी एकमेकांनाही वेसण घातली होती. प्रमुखाची मुदत फक्त एक महिना, आणि त्या महिन्यात सरकारी कामाशिवाय वाड्याबाहेर पडायची बंदी. साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवायचा कायदा १३७७ चा, गुलामांच्या व्यापारावर बंदी १४१६ ची. पैशाला चटावलेले असते तर हा फायद्याचा धंदा सोडला असता का?

नकाशेवाला
तुम्ही दोघं नकाशा बघाच. १६९९ च्या कार्लोवित्सच्या तहात यांनी आपल्या किनाऱ्याचा तुकडा तुर्कांच्या घशात जाऊ दिला. का, तर व्हेनिसची हद्द आपल्याला भिडू नये! त्यामुळेच नेउम गावापाशी आजही बॉस्नियाला समुद्र आहे. २०२२ मध्ये पेल्येशात्स द्वीपकल्पाला जोडणारा पूल होईपर्यंत उरलेल्या क्रोएशियातून डुब्रोवनिकला रस्त्याने जाताना मध्ये बॉस्निया लागायचाच. शेजाऱ्याला ओळखून होते लेकाचे.

मांडवीकाठ
थोडं अवांतर. गोव्यात गवंडाळीला सां ब्राझचं चर्च आहे, त्याचं नातं रागुझाच्या व्यापाऱ्यांशी सांगतात. सां ब्राझ म्हणजेच रागुझाचा राखणदार संत व्लाहो. चालू द्या.

तिरकस
मुत्सद्देगिरीचं कौतुक पुरे, तिची किंमतही लिहा. १६६७ च्या भूकंपात शहर कोसळलं, हजारो मेले. त्या मोडक्या अवस्थेत तुर्कांचा वजीर कारा मुस्तफा पाशा याने जास्तीचे पैसे मागितले. रागुझाचा दूत म्हणून गेलेला निकोलित्सा बुनिच १६७८ मध्ये सिलिस्त्राच्या (आजच्या बल्गेरियातल्या) तुर्की तुरुंगात मेला. खंडणीने ही वेळ टळली का? आणि १८०६ मध्ये फ्रेंच फौज वेशीवर आली तेव्हा दारं उघडावीच लागली.

दर्यावर्दी
टळली नाही, पण शहर तुर्कांच्या हाती गेलं नाही, हे विसरू नका. आणि नेपोलियनपुढे कोण टिकलं? एवढं आरमार बाळगणारं व्हेनिस १७९७ लाच आडवं झालं. रागुझा त्यानंतर ११ वर्षं तगलं.

तिरकस
तगलं खरं. पण त्या ११ वर्षांत कोनाव्लेच्या कुळाच्या पदरात काय पडलं, तेवढं सांगा.