मदत हवी आहे: उन्हाळ्यात रुग्णांची बागेतली सत्रं
मी मनोरुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आठवड्यातून दोनदा सहा-सात दाखल रुग्णांना आवारातल्या बागेत नेते. आळी करणं, मेथी पेरणं, पाणी घालणं. वॉर्डात गप्प असणारे तिथे आपणहून बोलतात, म्हणून हे बंद पडू द्यायचं नाही.

अडचण उन्हाची आणि रुग्णांच्या औषधांची. क्लोरप्रोमाझिनमुळे कातडी लवकर भाजते, ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो, लिथियमवर असलेल्यांच्या अंगातलं पाणी कमी होऊन चालत नाही. टोप्या, माठ, सावलीची जाळी केली. सकाळी ८ला नाश्ता, औषधं असतात आणि सिस्टरांची ड्युटी बदलते. संध्याकाळी सोबतीला माणूस नसतो. रुग्णाची संमती, डॉक्टरांची परवानगी दरवेळी घेते. आवाराला भिंत आहे.

एप्रिल-मेमध्ये तुम्ही अशी सत्रं किती वाजता, किती मिनिटं घेता, आणि लिथियमवरच्या रुग्णांसाठी वेगळं काय करता?