रेस्क्यू टीमने पैसे घेतले नाहीत, मग मदत करायची तरी कशी?

अनु_कोथरूड:
मागच्या पावसाळ्यात भाऊ विसापूर किल्ल्यावरून पायऱ्यांच्या वाटेने उतरत होता, तिथे पायऱ्यांवरूनच पाणी वाहतं माहितीये ना, घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. लोणावळ्याहून रेस्क्यू टीमची मुलं आली, स्ट्रेचरला बांधून आळीपाळीने खांदा देत पायथ्याला आणेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. मी एकाच्या हातात पाच हजार कोंबायला गेले तर तो म्हणाला ताई, चहा पाजा बास, आणि त्यातल्या एकाला सकाळी फर्स्ट शिफ्ट होती. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. या लोकांना खरंच उपयोग होईल असं काय करता येईल?

घाटवाट:
मी नऊ वर्षं अशाच एका टीममध्ये आहे म्हणून सांगतो. खिशात पैसे कोंबू नका, संस्थेच्या खात्यात टाका आणि पावती मागून घ्या. संस्थेकडे 80जी (देणगीवर करसवलतीची मान्यता) असेल तर जुन्या टॅक्स रिजीमवाल्यांना सूट मिळते, फक्त रोख 2000 च्या वर दिलेत तर ती मिळत नाही. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला 300 दिलेत तरी आम्हाला जास्त बरं, कारण खर्च रोजचा असतो, डिझेल, हेडटॉर्चचे सेल, फाटलेले हार्नेस (दोराला अडकायला अंगावर बांधायचे पट्टे).
आणि एक कळकळीची विनंती, जुना रोप, म्हणजे चढाईचा दोर, देऊ नका! त्याला किती झटके बसलेत, किती दिवस उन्हात पडला होता हे वरून बघून कळत नाही, नुसता कपाटात पडलेला रोपसुद्धा दहा वर्षांनी बाद धरतात. एका काकांनी मुलाचा 60 मीटरचा रोप फार प्रेमाने आणून दिला होता, आम्ही त्याचे तुकडे करून नवीन मुलांना गाठी शिकवायला वापरले. काही द्यायचंच असेल तर आधी फोन करून काय हवंय ते विचारा.

मावळची_काकू:
मी 58 वर्षांची, गुडघे गेलेत, गड चढणं माझं काम नाही. मी डबे देते. रात्री तीनला टीम खाली येते तेव्हा सगळं बंद असतं. आधी भाजी आणि पोळी वेगळी द्यायचे पण हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले आणि धुवायला पाणी नाही, आता पोळीत भाजी गुंडाळून कागदात पॅक करते, तसंच धरून खातात. शिवाय ओले रोप आमच्या पडवीत वाळत घालतात, उन्हात घालायचे नसतात ना, सावलीतच.

पोलादपूरकर:
2018 च्या 28 जुलैला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली तेव्हा महाबळेश्वर आणि पोलादपूरचे ट्रेकर्सच रोप लावून खाली उतरले होते, पाऊस धुकं सगळं होतं. इर्शाळवाडीला 2023 मध्ये दरड कोसळली तेव्हा तर वर गाडीरस्ताच नव्हता, मशीन चढेना, माणसं चालत गेली आणि फावड्या कुदळींनी माती उपसली. यातला प्रत्येकजण स्वतःची नोकरी धंदा सांभाळून जातो, आणि दिवस बुडाला तर तो त्याच्या पगारातून. म्हणून जे मालक आहेत, एचआरमध्ये आहेत त्यांनी अशा मुलांची रजा कापू नये, मला वाटतं देणगीइतकंच हे मोलाचं आहे. आणि टीमला विचारा अपघात विमा आहे का, नसेल तर सात आठ जणांनी मिळून हप्ता भरा, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

अनु_कोथरूड:
खूप खूप आभार सगळ्यांचे. महिन्याचं चालू करते आजच, आणि विम्याचं भावाच्या ऑफिसात बोलते, तो आता नीट चालतोय आणि म्हणतो फर्स्ट एड शिकून त्यांच्यात जायचंय. काकू, पुढच्या शनिवारी मी तुमच्याकडे येऊ का पोळ्या लाटायला?

मावळची_काकू:
ये की गं. कणीक मी मळून ठेवते, बटाटे तेवढे तू उकडून आण.