प्रकल्पाच्या टीममध्ये सर्वांनी मोकळेपणाने बोलावे म्हणून काय करावे?

प्रश्न: नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातील आमच्या टीममध्ये काम रखडले तरी बैठकीत कोणी चकार शब्द काढत नाही आणि अडचण मुदत तोंडावर आल्यावरच कळते. हे कसे बदलावे?

उत्तर १: हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त आढळली, कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी हीच ‘मानसिक सुरक्षितता’, म्हणजे बोलल्यामुळे त्रास होणार नाही हा गटातला विश्वास, मांडली. म्हणून ‘कोणामुळे झाले?’ याऐवजी ‘काय मदत हवी?’ असे आधी विचारावे.

उत्तर २: सहमत आहे, मात्र साहेबांनी सर्वांत शेवटी बोलावे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. शिवाय मे महिन्याच्या उन्हात साइटवरून आलेल्या सहकाऱ्याकडे लगेच अहवाल मागू नये, आधी पाणी द्यावे.