सँ लुईला मॉन्ट्रियलची नोकरी नावावर मिळाली म्हणे!

मॉन्ट्रियलचा मन्या: काल इथे एका महाशयांनी लिहिलं की मोठा खेळाडू म्हणजे मोठा कोच नव्हे, जुना हॉकीपटू मार्टिन सँ लुई आधी फक्त पोरांच्या टीम सांभाळायचा, त्याला थेट एनएचएलमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, मॉन्ट्रियलचा कोच केला तो निव्वळ नावावर. डोक्यात गेलं म्हणून लिहितोय, लांब होईल, सहन करा.

कुठलं नाव हो? पाच फूट आठ इंचाचा माणूस, ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवी पोरं निवडतात तिथे, एकाही टीमने विचारलं नाही, कॅल्गरीने दोन सीझन खेळवून सोडून दिला. मग टाम्पाच्या टीमकडून २००४ ला हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि लीगचं विजेतेपद स्टॅन्ली कप, तोही कॅल्गरीलाच हरवून, सहाव्या मॅचला दुसऱ्या जादा वेळेतला जिंकून देणारा गोल याचाच. २०१३ ला सदतिसाव्या वर्षी परत लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट (गोल अधिक गोलला मदत). अंगात ताकद नाही म्हटल्यावर जागा कुठे सापडते हे त्याला डोक्याने शोधावं लागलं, आणि जे शोधावं लागतं तेच दुसऱ्याला सांगता येतं. फेब्रुवारी २०२२ ला तो कोच म्हणून आला तेव्हा मॉन्ट्रियलने ४५ पैकी ८ मॅच जिंकलेल्या. टीमचाच खेळाडू कोल कॉफील्ड, हाही बुटकाच, आधीच्या ३० मॅचमध्ये एक गोल, सँ लुईच्या हाताखाली ३७ मॅचमध्ये २२. पोरगा तोच, स्टिक तीच.

टाम्पाकाका: ग्रेट्झकी सोयीस्कर विसरलात. हॉकीतला सगळ्यात मोठा खेळाडू, फिनिक्सला चार सीझन कोच, एकदाही प्लेऑफ (कपसाठीची बाद फेरी) नाही. आणि आमचा टाम्पाचा कोच जॉन कूपर, पेशाने वकील, व्यावसायिक हॉकी कधी खेळला नाही, २०२० आणि २०२१ लागोपाठ दोन कप. राहता राहिला तुमचा सँ लुई. कॅप्टन असताना टाम्पा सोडून गेला तो. २०१४ च्या ऑलिम्पिकला कॅनडाची टीम निवडणाऱ्या आयझरमनने आधी घेतलं नाही म्हणून रुसला आणि ट्रेड (दुसऱ्या टीमशी अदलाबदल) मागून न्यूयॉर्कला पळाला. असा माणूस पोरांना काय निष्ठा शिकवणार?

मॉन्ट्रियलचा मन्या: काका, आयझरमन तुमच्याच टीमचा जीएम, म्हणजे मॅनेजर, होता ना? स्वतःच्या कॅप्टनला स्वतःच वगळायचं आणि वर त्याने हसत राहायचं?

मिसिसागाची आई: पोरांच्या टीमला हलकं काम समजणाऱ्यांनी एकदा नऊ वर्षांची पंधरा पोरं बर्फावर उभी करून दाखवा. शनिवारी पहाटे साडेपाचला रिंकवर असते मी, लेस ओढून ओढून बोटांना चिरा पडल्यात, फी विचारू नका, त्यात गावी मजला चढला असता. एवढं करून ट्रायआउटला (निवड चाचणीला) सांगतात, स्किल आहे पण साइज नाही. नवव्या वर्षी साइज!! त्या कोचला सँ लुईचा फोटो दाखवला तर म्हणतो, तो अपवाद. सगळ्यांनाच नवव्या वर्षी काढून टाकलंत तर अपवादच राहणार ना.

स्पष्टवक्ता ठाणे: मूळ मुद्दा कुणीच बोलत नाहीये. मॉन्ट्रियल फ्रेंच बोलणाऱ्यांचं शहर, त्याला नोकरी फ्रेंच येतं म्हणून मिळाली, आणि बरोबरच आहे. २०११ ला तिथे रँडी कनीवर्थला हंगामी कोच केला, फ्रेंच येत नव्हतं, तर लोक स्टेडियमबाहेर निदर्शनं करायला उतरले आणि मालकाला खुलासा द्यावा लागला. याला म्हणतात भाषेचा अभिमान. आपल्याकडे मुंबईच्या टीमचा कोच मराठी बोलतो का कुणी विचारतं?

टाम्पाकाका: झालं, आली गाडी मराठी पाट्यांवर.

गणितवाला: अभिमान ठीक आहे पण १९९३ नंतर मॉन्ट्रियलला कप नाही. जगभरातून कोच निवडायचा सोडून फ्रेंच येणाऱ्या मूठभरांतून निवडता, मग काय होणार.

स्पष्टवक्ता ठाणे: टोरांटोचे कोच इंग्रजीच बोलतात. १९६७ पासून कप नाही. करा गणित.

गणितवाला: म्हणजे मुद्दा संपला की टोरांटोवर घसरायचं.

स्पष्टवक्ता ठाणे: तुमच्यासारख्यांमुळेच मराठी मागे पडली.

गणितवाला: मी मराठीतच लिहितोय साहेब, मुलीला घरी मी शिकवतो, तुमची पोरं कुठल्या माध्यमात आहेत ते सांगा आधी.

मॉन्ट्रियलचा मन्या: अहो हॉकी! भाषेचं म्हणाल तर मॉन्ट्रियलचा जुना कोच स्कॉटी बोमन इंग्रजी घरातला, पण इथलाच, फ्रेंच बोलायचा, पाच कप दिले त्याने इथे. सँ लुईला फ्रेंचचा फायदा झाला हे मान्य, पण फ्रेंचने कॉफील्डचे गोल होत नाहीत.

मिसिसागाची आई: ठाणेकरांनी उत्तर नाही दिलं माध्यमाचं.

टाम्पाकाका: बरं, कोच बरा आहे, झालं समाधान? २०२५ ला प्लेऑफला नेलं, पाच मॅचमध्ये वॉशिंग्टनने घरी पाठवलं तेही लिहा. आणि पळून गेला तो गेलाच.

मॉन्ट्रियलचा मन्या: पळून गेलेल्याचा २६ नंबर तुमच्याच टीमने २०१७ ला निवृत्त करून, म्हणजे पुन्हा कुणाला न देता, मानाने छताला टांगलाय. मॅचला गेलात की वर बघू नका.

टाम्पाकाका: बघणार. तिकीट माझ्या पैशाचं आहे.