फौजदारी खटल्याला मुदत घाला, नाहीतर तो रद्द करा

शेवंती: खटला किती वर्षांत संपला पाहिजे, याला आपल्याकडे वरची मर्यादाच नाही. १९७९च्या हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले असे कच्चे कैदी समोर आले, की गुन्हा सिद्ध होऊन कमाल शिक्षा झाली असती तरी ते केव्हाच सुटले असते. लवकर सुनावणी हा राज्यघटनेच्या कलम २१मधला (जीवित आणि स्वातंत्र्याचा) हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितलं. पण २००२ साली सात न्यायमूर्तींनी ठरवलं, की त्याला वर्षांची चौकट घालता येणार नाही. मग हक्क मोडला असं म्हणायचं तरी केव्हा? कॅनडाने २०१६च्या जॉर्डन निकालात आकडाच ठरवला: प्रांतिक न्यायालयात १८ महिने, वरिष्ठ न्यायालयात ३०. बचाव पक्षाने लावलेला उशीर वजा. सरकारला अपवादात्मक कारण दाखवता आलं नाही तर खटला तिथेच थांबतो. आपल्याकडेही हेच हवं.

उलटतपासणी (या टोपणनावाने लिहिणारे वकील): मी सत्र न्यायालयात आरोपींच्याच बाजूने उभा राहतो, तरी पूर्ण विरोध. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची न्यायालयातली नोंद, उघडून बघा: समन्स बजावलं नाही, तपास अधिकारी बदलून गेला, आरोपीला तुरुंगातून आणायला बंदोबस्त मिळाला नाही, न्यायाधीशांची बदली झाली. मुदतीने यातलं काही हलणार नाही, फक्त घाई वाढेल. खंडव्यात २०१३ साली एका लहान मुलीच्या खुनाच्या खटल्यात आरोपीला वकील नेमून दिला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि दोन आठवड्यांत फाशी सुनावली. २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला नव्याने चालवायला लावला. त्या घाईचा कोणाला फायदा झाला?

रोहिणी: शेवंती, तुमच्या प्रस्तावात फिर्यादी कुठे आहे? माझ्या भावाच्या खुनाचा खटला अजून चालू आहे. दोन साक्षीदार वारले. कितीतरी तारखा सरकारी वकील आले नाहीत म्हणून पडल्या. आता त्याच कारणाने आरोपी सुटणार?

शेवंती: रोहिणीताई, खुनासारखे गुन्हे वगळता येतील. पण आत बसलेल्यांचं काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम ४७९ म्हणतं, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ काढला की जामीन. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र ते लागू नाही, एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असले तरी नाही. जिथे खटले सर्वांत लांबतात तिथेच आधार काढून घेतलाय.

उलटतपासणी: तिथेही उपाय जामीनच. २०२१च्या नजीब निकालात यूएपीए, म्हणजे जामीन अवघड करणारा दहशतवादविरोधी कायदा, लागू असूनही, खटला लांबला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जामीन कायम ठेवला. माणूस बाहेर आला, खटला जिवंत राहिला. आणि मूळ दुखणं माणसांचं आहे. विधी आयोगाने १९८७ साली दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश मागितले होते, आपण अजून त्याच्या निम्म्यावरही नाही.

शेवंती: तेच तर म्हणतेय! १९८७पासून कोणत्याही सरकारला घाई झालेली नाही, कारण उशिराची किंमत सरकार मोजतच नाही. खटले पडायला लागले की पदं भरली जातील.

रोहिणी: ती किंमत सरकार कशी मोजेल? ती आम्ही मोजू. मुदत घालायचीच तर साक्षीला घाला. आरोप निश्चित झाल्यापासून वर्षभरात प्रत्यक्षदर्शींची सरतपासणी (त्यांना बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न) आणि उलटतपासणी (विरुद्ध बाजूचे प्रश्न) दोन्ही झालीच पाहिजे. चुकलं तर सरकारने आरोपी आणि फिर्यादी दोघांनाही भरपाई द्यावी. खटला मात्र चालूच राहू दे.