वारीतली सेवा: वारकऱ्यांसाठी, की आपल्याच जडणघडणीसाठी?

झेंडेवाडी_थांबा (धागाकर्ता)

परवा ऑफिसात डबा खाताना एकाने सहज विचारलं, "तू वारीत सेवेला जातोस ते वारकऱ्यांसाठी, की परत आल्यावर आम्हाला सांगायला?" हसण्यावारी नेलं, पण डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा.

आमच्या भागातल्या विठ्ठल मंदिराचं छोटं मंडळ आहे. माउलींची पालखी पुण्यातून सासवडकडे निघते त्या दिवसापासून लोणंदपर्यंत आम्ही पंधरा-वीस जण दवाखान्याच्या टेम्पोबरोबर असतो. दोन डॉक्टर, एक सिस्टर, बाकी सगळे माझ्यासारखे खुर्चीत बसून पोट सुटलेले. पाणी तापवायचं, पाय धुवायचे, फोडांना पट्टी, गुडघ्यांना मलम, रांग लावायची. यंदा तिसरं वर्ष.

पहिल्या वर्षी दिवेघाट चढून वर आल्यावर साठीच्या पुढच्या एक बाई समोर बसल्या. तळपायाला रुपयाएवढा फोड. पण पाय पुढे करीनात. "नका हो माउली, तुम्ही नका हात लावू." मी पाय धरायला वाकलो, तर त्या आधी वाकून माझ्याच पाया पडल्या. मला काय करावं सुचेना. मीही पडलो. मग दोघं हसलो आणि पट्टी झाली. घरी आल्यावर पहिल्यांदा आईच्या टाचांच्या भेगा दिसल्या. त्या आधीपासूनच होत्या.

दुसरा प्रसंग त्याच दिवशीचा. सासवडचा टप्पा बहुतेक वर्षी योगिनी एकादशीला येतो, म्हणजे सगळ्यात थकवणारी चाल आणि वर उपास. एक आजोबा चक्कर येऊन बसले. मी पटकन घोटभर पाणी पाजलं आणि "झोपा जरा" म्हणालो. डॉक्टरबाईंनी मला सगळ्यांदेखत झापलं. आजोबांनी पहाटे मधुमेहाची गोळी घेतली होती आणि पोटात दोन केळी. साखर खाली गेली होती, आणि मी त्यांना झोपवत होतो! ऑफिसात माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत, असं मला कोणी झापत नाही. तिथे मी कोणीच नव्हतो, आणि ते बरं वाटलं.

माझं म्हणणं एवढंच की माणूस या चार दिवसांत बदलतो, आणि श्रद्धा आहे म्हणून बदलतो. साध्या आरोग्य शिबिरात कोणी पेशंटच्या पाया पडत नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

साबुदाणा_वडा

धागा आवडला. पण आईच्या टाचा दिसायला दिवेघाट चढावा लागला, हे वाचून हसू आलं. राग मानू नका.

---

वाळवंटाकाठी

असहमत. जरा लांबण लावतो.

मी पंढरपूरचा. जन्म इथला, दुकान इथलं. गावची वस्ती लाखाच्या आसपास, आषाढीला माणूस काही लाख. तुम्ही लोक लोणंदपर्यंत येता, तिथून गाडी धरून घरी जाता. वारीचं शेवटचं टोक आमच्या दारात येतं.

गेली बरीच वर्षं बघतोय, सेवा करणारे वाढलेत. एकसारखे टीशर्ट, छातीवर मंडळाचं नाव, पाठीवर "सेवा हाच धर्म". पाय दाबायला रांग, केळी वाटायला रांग, पाण्याच्या बाटल्या द्यायला रांग. त्या बाटल्या द्वादशीला गटारात. त्या काढतो कोण? बाहेरगावाहून ठेक्यावर आणलेले सफाई कामगार. अंगात टीशर्ट नाही, हातात मोजा असला तर असला. त्यांना कोणी विचारलंय, "काय हो, यंदा तुमची जडणघडण किती झाली?"

हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध २०१३ साली कडक कायदा आला. त्यानंतरही पंढरीच्या यात्रेतल्या घाणीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा कुठे चंद्रभागेच्या वाळवंटातले तंबू हलले, ६५ एकराच्या मैदानावर सोय झाली, फिरती शौचालयं दिसायला लागली. हे कोर्टाने दट्ट्या लावला म्हणून झालं, कोणाचं मन मोठं झालं म्हणून नाही. उलट वाळवंटात राहायचं नाही म्हटल्यावर श्रद्धेच्याच नावाने ओरड झाली होती.

तुमचा अनुभव खोटा आहे असं म्हणत नाही. पण तुम्ही जे मिळवलंत ते त्या बाईच्या फोडावर मिळवलंत. याला यात्रा म्हणा, सुट्टी म्हणा, शिबिर म्हणा. सेवा हा शब्द जपून वापरा.

आणि एक. माघी, चैत्रीला या कधी. परतवारीला या. पालख्या परत निघतात तेव्हा मागे मूठभर माणसं असतात. ना टेम्पो, ना केळी, ना कॅमेरा. सेवेचा ओढा तेव्हा कुठे आटतो?

---

झेंडेवाडी_थांबा

टीशर्ट आमच्याकडेही आहे, कबूल. पण रांगेत दीडशे माणूस असताना सिस्टर कोण हे कळावं लागतं हो.

बाकी बाटल्यांचा मुद्दा मान्य. "त्या बाईच्या फोडावर मिळवलंत" हे मात्र लागलं. फोड मी आणला नव्हता. पट्टी खरी होती, दुसऱ्या दिवशी त्या चालू शकल्या असतील तर तेही खरं. मला काही मिळालं म्हणून त्यांचं काही कमी झालं का?

---

जेजुरीची_सून

कमी झालं का, तर ऐका. माझ्या सासूबाई अकरा वर्षं दिंडीत चालतात. गेल्या वर्षी त्यांना तळपायाला छोटासा फोड आला, त्यांनी स्वतःच चिंधी बांधली. सासवड ते जेजुरी एवढ्या वाटेत त्यांचे पाय चार ठिकाणी धुतले गेले. चार! पहिल्यांना नको म्हणाल्या, तर ती मुलं हिरमुसली. मग "लेकरांचा हिरमोड कशाला" म्हणून प्रत्येक ठिकाणी पाय पुढे. दर वेळी चिंधी ओली, दर वेळी नवा मलम, एका ठिकाणी तर हळद. जेजुरीला पोचेपर्यंत फोड फुटून सालपट निघालेलं. फोनवर हसत सांगत होत्या, "सेवा करून करून पाय सोलला बघ."

त्यांना खरं काय हवं होतं माहितीये? पहाटे अंघोळीला आडोसा. बायकांना वारीत हे सगळ्यात अवघड. टँकरच्या मागे चार जणींनी साडी धरायची आणि पाचवीने उरकायचं. कोणी चार बांबू आणि एक ताडपत्री घेऊन उभं राहिलं तर सासूबाई जन्मभर नाव काढतील. पण ताडपत्री धरून पाठमोरं उभं राहण्याचा फोटो काय निघणार?

सेवा देणाऱ्याचं मन राखणं हीसुद्धा वारकऱ्याची एक सेवाच झाली आहे. पगार मिळत नाही एवढंच.

---

साबुदाणा_वडा

"सेवा करून करून पाय सोलला." बाई, हात जोडले.

---

अकोल्याचा_गडी

राजेहो, तुमी सारे पंढरपुरातच अडकले. मी शेगावले सेवेले जातो, गजानन महाराजाच्या मंदिरात. तिथं वेगळाच हिशेब हाय. तुमाले काय काम आवडते हे कोनी इचारत नाही. माह्या वाट्याले पयल्यांदा चप्पल स्टँड आला. धा दिवस नुसत्या चपला. दर्शनाले जाणाऱ्याचं तोंड बी नीट दिसत नाही, पाय दिसते फक्त. दुसऱ्या खेपेले महाप्रसादात ताटं उचलायचं काम. पांढरे कपडे, लहान असो का मोठा, समोरच्याले 'माउली' म्हणाचं, आन् कोनी पाचाची नोट देल्ली तरी घ्याची नाही.

माह्यासंगं एक कारखानदार होता. तिसऱ्या दिवशी म्हणे, "चपलाचे नंबर लावाची माही पद्धत जास्त चांगली हाय." प्रमुखानं आयकून घेतलं आन् म्हणे, "हो माउली, चांगली हाय. आता त्या जोड उचला." बस.

वाढ होते का नाही, मले मालूम नाही. मले एवढं समजलं, का सेवेची निवड आपल्या हाती असली का ते सेवा रायत नाही, आवड होते.

---

एडिसनची_आजी

इकडे अमेरिकेत हा प्रकार फार जुना. नातवाच्या वर्गातली मुलं चर्चबरोबर सुट्टीत आठवडाभर मेक्सिकोत घरं बांधायला जातात. नातूही मित्रांच्या नादाने एकदा गेला. त्याला विटेला वीट लावता येत नाही, मी स्वतः पाहिलंय. विमानाच्या तिकिटाच्या पैशात तिथल्या गवंड्याला किती दिवस रोजी मिळाली असती, असं मी विचारलं. तो चिडला. पण पुढे कॉलेजच्या प्रवेशाचा निबंध त्याने त्याच आठवड्यावर लिहिला. त्यात गवंडी नव्हता.

खरं सांगायचं तर मुलगा थोडा बदललाही. ताटात टाकत नाही आता. तेव्हा मला दोन्ही बाजू पटतात, आणि हे उत्तर नव्हे हे मला कळतं.

---

विवेकी_विंचू

श्रद्धेचा मुद्दा राहून गेला, तो घेतो. बाबा आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पावर मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. चंद्रपूरचं ऊन, हातात कुदळ-फावडं. देव नाही, प्रसाद नाही, माउली नाही. मी विसाव्या वर्षी गेलो होतो. माणूस तिथेही बदलतो. तेव्हा "श्रद्धा आहे म्हणून बदलतो" हे विधान टिकत नाही. अंगमेहनत, अनोळखी माणसं आणि आपल्या पदाचा विसर, एवढं पुरतं.

गाडगेबाबांचंच घ्या. पंढरपुरात येत, पण ओढ देवळाच्या गाभाऱ्याची नाही, रस्त्यावरच्या कचऱ्याची. आधी खराटा, मग कीर्तन. धर्मशाळा बांधल्या त्या लोकांसाठी. १९५६ साली गेले, तोवर हाच क्रम. त्यांनी "मी यातून किती घडलो" असं कुठे म्हटल्याचं ऐकिवात नाही.

---

झेंडेवाडी_थांबा

@विवेकी_विंचू, गाडगेबाबा श्रद्धेशिवाय होते असं म्हणायचंय का तुम्हाला? कीर्तनात गोपाला गोपाला कोणाला म्हणत होते मग?

सोमनाथचं मात्र मान्य. माझं विधान मागे घेतो, अर्धं. छावणीत तुम्ही दगड उचललेत, तुमच्यासमोर पाया पडणारी बाई नव्हती. मी ज्या गोंधळलेल्या क्षणाबद्दल लिहिलं, तो दोघंही एकमेकांना माउली समजत होते म्हणून आला. नाहीतर मी उपकारकर्ता आणि ती रुग्ण, एवढंच उरलं असतं.

---

रेवदंडा_बंदर

आमच्या कोळीवाड्यात स्वाध्यायवाले भक्तिफेरीला यायचे, मी शाळेत असतानाची गोष्ट. स्वाध्याय सुरू करणारे पांडुरंगशास्त्री आठवले मूळचे आमच्या रोह्याचे. भक्तिफेरीवाले स्वतःच्या खर्चाने येत, शिदोरी बांधून आणत आणि आमच्या घरचं काही घेत नसत. वाटायला काहीच आणत नसत, ना कपडे, ना गोळ्या. बसायचे, बोलायचे, जायचे. पुढच्या खेपेला परत तेच.

आजी आधी रुसली. पाहुणा आला आणि ताटावर बसला नाही, म्हणजे काय? मग एकदा आजोबांना म्हणाली, "ही माणसं आपल्याकडून काही नेत नाहीत नि आपल्याला काही देत नाहीत, मग येतात कशाला?" आजोबा म्हणाले, "म्हणूनच येऊ देत." त्या वयात मला यातलं ओ की ठो कळलं नव्हतं.

पुढे स्वाध्यायाच्या मत्स्यगंधा बोटी आल्या. त्यावर पाळीपाळीने जायचं, मासळीचा पैसा कोणा एकाचा नाही. आजोबा त्यावर गेले. म्हणजे पाहुणे येऊन सेवा करून गेले असं न होता सेवा करायची पाळी आमच्यावर आली. मला वाटतं या धाग्यात जी गडबड चालली आहे ती इथे आहे. तुम्ही सगळे 'आपण करणार, ते घेणार' हे धरूनच भांडताय.

---

वाळवंटाकाठी

@रेवदंडा_बंदर, हे पटलं. वारीत तर मुळात वारकरीच एकमेकांचं करत आलेत. दिंडीत भाकरी भाजणारी कोण, तंबू ठोकणारा कोण, सामानाच्या ट्रकवर चढणारा कोण? सगळे चालणारेच. बाहेरून सेवा करायला एवढी माणसं येणं हे अलीकडचं.

@झेंडेवाडी_थांबा, तुमच्यावर जरा जास्त घसरलो. डॉक्टरबाईंनी झापल्याचं तुम्ही लपवलं नाहीत, हे आवडलं. बहुतेक लोक फोडाचं सांगतात, झापल्याचं नाही. ते आजोबा बरे झाले ना?

---

झेंडेवाडी_थांबा

झाले. ग्लुकोज पाजल्यावर वीस मिनिटांत उठून बसले आणि पहिलं वाक्य, "उपास मोडला का रे माझा?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही, औषध होतं." मग शांत झाले.

यंदा मंडळाच्या बैठकीत दोन गोष्टी मांडणार आहे. बाटल्या बंद करून पिंप आणि पेले. आणि ताडपत्री-बांबू, बायकांच्या आडोशासाठी, पण ते आमच्यातल्या बायकांनीच बघायचं. टीशर्टवर वाद होणार, कारण गेल्या वर्षीचे शंभर उरलेत.

आणि ते परतवारीचं खरंच विचारतोय. पौर्णिमेला गोपाळकाला झाला की त्याच दिवशी निघते ना? किती दिवसांची रजा टाकू?

---

वाळवंटाकाठी

त्याच दिवशी. जायला अठरा-वीस दिवस लागतात, यायला दहा-अकरा, तेव्हा टप्पे मोठे आणि पाऊस नक्की. टेम्पो आणू नका, आणलात तरी थांबायला कोणी नसेल. प्लास्टिकचा मोठा कागद घ्या, सुकं खाणं घ्या. आदल्या रात्री आमच्याकडे मुक्कामाला या. चप्पल मात्र जुनीच घाला, नवी घातलीत तर फोड तुम्हालाच येईल आणि पट्टी मला बांधावी लागेल.